पोंगा कोणी वाळवला? फाल्गुन-चैत्रातील उसाचे चोर आणि पाहुणे



होळी झाली की आपल्या शिवाराचा रंग पालटतो. धान निघालेल्या बांध्या उघड्या पडतात, जमिनीला भेगा जातात, बोड्यांतले पाणी तळाला लागते. पळस फुलतो आणि पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन माणसे जाऊ लागतात. या उजाड दिवसांत हिरवे म्हणून काय उरते? तलावाखालचे उन्हाळी धानाचे चार तुकडे आणि आपला ऊस. पश्चिम महाराष्ट्रात कोसन् कोस ऊस असतो, म्हणून जे काही खायला येते ते सगळ्यांत वाटले जाते. आपल्याकडे मात्र धानाच्या मुलखात उसाची लहान लहान बेटे आहेत. ओल तिथेच, सावली तिथेच, गोडवाही तिथेच. मग खोडकिडीच्या पतंगापासून रानडुकरापर्यंत सगळ्यांचा मोर्चा तिकडेच वळतो, यात नवल नाही.

ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्या भागातील कोहळी समाजाने तलाव बांधले, त्यांत उसाची ओढ मोठी होती. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तलाव, ऊस आणि जंगल ही तिन्ही इथे पहिल्यापासून शेजारी नांदत आली आहेत. तेव्हा उसात जनावर आले म्हणून एकदम दचकून जाण्याचे कारण नाही. पण नुकसान झाले की पहिला राग डोळ्यांना दिसणाऱ्यावर निघतो, आणि तिथेच चूक होते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक सभासद गट कार्यालयात आले. मुठीत दहा-बारा वाळलेले पोंगे. ते टेबलावर टाकून म्हणाले, "साहेब, डुकरांनी सारं वावर नासवलं. आता आज रातीच करंट सोडतो." मी एक पोंगा नाकाशी धरला. कुजका, घाण वास. खालचा देठ नखाने चिरला तर आत बोटाच्या पेराएवढी मळकट पांढरी अळी, पाठीवर जांभळट पाच रेघा. लगेच त्यांच्याबरोबर वावरात गेलो. नाल्याकडच्या कोपऱ्यात डुकराने उकरले होते हे खरे, पण ते दोन-तीन सऱ्यांत. बाकी अख्ख्या वावरात जे पोंगे वाळत होते ते सगळे खोडकिडीचे काम. अळी मारायला करंट सोडायला निघालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनाही नंतर हसू आले. पण त्या रात्री तार लागली असती तर काय झाले असते, ते पुढे लिहितो.

आधी ओढून पाहा, मग वास घ्या

उसाचा मधला पोंगा वाळला म्हणजे एकच रोग असे समजू नये. वाळलेला पोंगा हाताने वर ओढावा. सहज निघून आला आणि बुडाला सडका वास असेल, तर तो खोडकिडा. शेजारीच जमिनीलगत कोंबावर बारीक भोकही सापडते. पोंगा सहज निघाला किंवा सगळा कोंबच हाती आला, पण वास नाही, आणि खालची टिपरी पोकळ होऊन तिच्यात माती भरलेली दिसली, तर ती वाळवी. पोंगा ओढून निघत नाही आणि वरच्या पानांवर आडव्या रांगेत गोळी लागल्यासारखी भोके आहेत, तर शेंडेकिडा. तो बहुधा मोठ्या उसात दिसतो, त्याबद्दल पुन्हा कधी.

जनावराची खूण वेगळीच असते. डुक्कर पोंगा वाळवत बसत नाही. ते सरीतली टिपरीच उकरून चघळते, आणि माती नांगर फिरवल्यासारखी उलटी पडते. ओल्या सरीत दोन खुरांच्या मागे आणखी दोन लहान टोकांचे ठसे दिसले की ओळख पटली. रोही कोवळी पाने वरून ओरबाडते. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून पान कापलेले न दिसता फाटलेले दिसते. उंदीर-घूस उभ्या उसाच्या बुडाला कुरतडतात, खाली भुशाचा ढीग आणि जवळच बीळ. कोल्हाही उभा ऊस खालून चघळतो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण त्याला उसाचाही शौक आहे. मात्र तोच कोल्हा रात्रभर उंदीर धरतो, हेही त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

इतके पाहायला अर्धा तास लागतो. पण त्यापुढचा सगळा खर्च या अर्ध्या तासावर ठरतो.

खोडकिडा : ऊन वाढले की याचे राज्य

सुरू ऊस आपण डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारी मध्यापर्यंत लावतो. ज्यांची लागण मागे पडते त्यांचा ऊस नेमका मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात कोवळा असतो, आणि खोडकिड्याला हेच हवे असते. पतंग मातकट रंगाचा, दिवसा पानाआड लपलेला. मादी पानाच्या खालच्या बाजूस तीन ते पाच ओळींत, खवल्यांसारखी चपटी पांढरी अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अळ्या निघतात, कोंबाला जमिनीलगत भोक पाडून आत शिरतात आणि वाढीचा कोंभ कुरतडतात. अळी पंचवीस-तीस दिवस खाते, मग खोडातच कोष करते. सगळा फेरा साधारण पाच-सहा आठवड्यांचा. म्हणजे फाल्गुनात दुर्लक्ष केले तर वैशाखापर्यंत दुसरी पिढी उसात तयार.

आता घाबरण्याआधी मोजा. वावरात पाच ठिकाणी मिळून शंभर कोंब पाहा. त्यांत पंधरापेक्षा कमी पोंगे वाळलेले असतील तर औषधाची घाई नको. ऊस फुटवे काढून ती तूट बरीचशी भरून काढतो. पंधरा किंवा जास्त असतील तर मात्र थांबू नये.

पहिला उपाय फुकटचा आहे. वाळलेला कोंब जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करावा. नुसता पोंगा उपटून धुऱ्यावर टाकला तर अळी खालीच राहते आणि आपण समजतो काम झाले. दुसरा उपाय पाण्याचा. पाळी लांबली, सरी तापली की हा किडा वाढतो. म्हणून या महिन्यांत पाणी थोडे पण लवकर लवकर द्यावे. तिसरा, सहा ते आठ आठवड्यांनी बाळबांधणी करून कोंबाच्या बुडाला माती लावावी. भोक पाडण्याची जागाच मातीखाली जाते. आणि चौथा, पाचट. सरीत पाचटाचा थर असला की जमीन थंड राहते आणि खोडकिडा कमी लागतो हे अनुभवाने सिद्ध झालेले आहे. ज्या वावरात वाळवीचा त्रास आहे तिथे पाचट कोरडे राहू देऊ नये, ओले करून कुजवावे, आणि कच्चे शेणखत तर अजिबात घालू नये. वाळवीला कच्च्या शेणासारखे निमंत्रण दुसरे नाही.

एवढे करूनही आटोक्यात आले नाही तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार, हेक्टरी १८.७५ किलो, सरीत ओल असताना टाकावे. कोरड्या सरीत टाकलेले दाणे म्हणजे मातीत टाकलेले पैसे.

न दिसणारे मजूर

औषधाआधी आणखी एक गोष्ट करता येते, आणि ती आपल्या सभासदांत अजून म्हणावी तशी रुळलेली नाही. ट्रायकोग्रामा नावाची एक गांधीलमाशीच्या जातीची माशी आहे. इतकी बारीक की टाचणीच्या डोक्यावर दोन-चार मावतील. ती आपले अंडे खोडकिडीच्या अंड्यात घालते. मग त्या अंड्यातून अळी न निघता माशीच निघते. अशा माशांची अंडी कार्डावर चिकटवून मिळतात. गंमत अशी की ही कार्डे तयार करायला साठवणीच्या तांदळात जाळी करणाऱ्या पतंगाची अंडी वापरतात. म्हणजे धानाच्या शत्रूच्या अंड्यावर उसाचा मित्र वाढवायचा.

एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. लागणीनंतर महिनाभराने सुरुवात करावी. एकरी एक कार्ड पट्ट्या कापून, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूस टोचावे. दर दहा दिवसांनी असे चार ते सहा वेळा. त्या काळात फवारा मारू नये, नाहीतर आपणच आणलेले मजूर आपणच मारतो. कार्ड आणून घरात आठ दिवस ठेवले तर माशा घरातच उडून जातील, हेही ध्यानात असू द्यावे. कार्डे हवी असतील त्यांनी शेतकी खात्याकडे आगाऊ नोंद करावी. एकट्या कार्डाने खोडकिडा संपतो असा दावा मी करणार नाही. पाणी, बांधणी, पाचट यांच्या जोडीने ते काम करते.

मित्रकीटकांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी २००२ साल आठवावे. त्या वर्षी सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. डोक्यापेक्षा उंच उसात फवारणी करायची कशी? लोक रडकुंडीला आले. शेवटी डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा कीटक यांनी तो मावा खाऊन आटोक्यात आणला. शेतकरी ज्या उसात हे कीटक होते तिथली पाने तोडून दुसऱ्याच्या उसात नेऊन टाकत होते.

पक्ष्यांचेही तसेच. खोडवा फोडताना, नांगर चालताना मागे बगळे आणि साळुंक्या उतरतात, त्या हुमणीच्या अळ्या आणि कोष वेचण्यासाठी. त्यांना हाकलू नये. वावरात पुरुषभर उंचीची काठी रोवून वर आडवी काडी बांधली की कोतवाल येऊन बसतो आणि तिन्हीसांजेला पतंग टिपतो. रात्री त्याच काडीवर पिंगळा किंवा घुबड बसते. घुबड अशुभ म्हणून दगड मारणारे अजून आहेत. ज्याच्या वावरात घुशी आहेत त्याने तरी तो दगड खाली ठेवावा.

रानडुक्कर आणि तार

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो.

डुकराचे नुकसान खोटे नाही. नव्या लागणीतल्या टिपऱ्या एका रात्रीत दोन-चार गुंठे उकरून निघतात, बेणे गेले, मजुरी गेली, हंगामही गेला. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा या तालुक्यांतील कितीतरी वावरे जंगलाच्या उंबऱ्यावर आहेत. चैत्रात जंगलातले पाणी आटते आणि डुकरे कळपाने उतरतात. उभ्या उसात तर डुकरीण पिल्ले घालून महिना महिना मुक्काम करते. कास्तकाराचा संताप मी समजू शकतो.

पण पंपाच्या खांबावरून आकडा टाकून धुऱ्याच्या तारेत थेट वीज सोडणे हा उपाय नव्हे. शेतीची वीज पुष्कळदा रात्री असते. शेजारी पाणी धरायला रात्री दोन वाजता निघतो, बॅटरीचा उजेड पायापुढे हातभर. सरीत ओल असते. २३० व्होल्टची वीज अखंड वाहत असते, ती अंगातून गेली की हाताचे स्नायू आखडतात, तार सोडवत नाही. मोहाला निघालेली बाई, बकऱ्यामागे गेलेले पोर, कधी तार लावणारा स्वतःच. विदर्भात अशा बातम्या येत नाहीत असे वर्ष जात नाही. आणि मग डुकराच्या दोन सऱ्यांपायी एका घरात मरण आणि दुसऱ्या घरात सदोष मनुष्यवधाचा खटला, शिवाय वीजचोरीचा वेगळा.

त्या तारेवर वाघही मरतो. आपल्या नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, देशभर त्याचे नाव झाले, आणि २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड भागात शेतातल्या अशाच विजेच्या तारेने मेला. तार डुकरासाठी होती. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या गेल्या. वाघिणी चालतात त्या वाटा आपल्या धुऱ्यांवरून जातात. वाघ मेला तर कायद्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून दंड किमान २५ हजार रुपये. आणि एक रोखठोक हिशेब : वाघ डुक्कर खातो. जिथे वाघ-बिबट नाही तिथे डुकराला मोकळे रान.

मग करायचे काय? सौर कुंपण, ज्याला आपल्याकडे झटका मशीन म्हणतात, ते वेगळे यंत्र आहे. त्यात दाब हजारो व्होल्टचा असला तरी वीज साधारण सेकंदाला एकदा, आणि तीही क्षणाच्या बारीकशा अंशापुरतीच येते. झटका बसतो, जनावर मागे फिरते, जीव जात नाही. तारेखालचे गवत मात्र कापत राहावे, नाहीतर झटका जमिनीत जिरतो. आणि बॅटरी उतरली म्हणून त्याच तारेला घरची वीज कोणी जोडू नये. असे केलेले ऐकण्यात आहे म्हणून मुद्दाम लिहितो. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून असे कुंपण अनुदानावर मिळण्याची सोय झालेली आहे. आपले गाव त्यात बसते का, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

साड्या बांधणे, न्हाव्याकडचे केस टाकणे, डबे वाजवणे, हे सगळे आठ-पंधरा दिवस चालते. डुक्कर हुशार आहे, त्याला कळते की साडी चावत नाही. तरी नवी लागण उगवून येईपर्यंतचे ते पंधरा दिवसच महत्त्वाचे असतात, म्हणून अगदी निरुपयोगी म्हणणार नाही. उपाय पाळीपाळीने बदलावे. धुऱ्यावर एरंडीच्या दाट ओळी लावल्यास उसाचा वास दबतो. चार शेजाऱ्यांनी मिळून जागल केली तर तिच्यासारखे काही नाही. एकट्याने करू नये. मोहाच्या दिवसांत अस्वलही त्याच वाटेने फिरते.

हत्तीबद्दल दोन शब्द. ओडिशा-छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि पुढे भंडारा जिल्ह्यात शिरला होता. पुन्हा आला तर मशाली-फटाके घेऊन मागे धावू नये. वनखात्याला कळवावे आणि वाट मोकळी ठेवावी. त्याच्यापुढे जागल चालत नाही.

विष

तारेची धाकटी बहीण म्हणजे विष. पूर्वी सरीत थिमेट टाकणे हा रिवाजच होता, आणि उरलेले कोणी डुकरासाठी, कोणी बोडीतल्या मासोळीसाठी वापरी. त्यातला फोरेट हा विषारी घटक आता बंद आहे. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्यावर पूर्ण बंदी आली. कोणाच्या घरी जुना डबा पडला असेल तर तो वापरू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. आपल्या जिल्ह्यात सारस आहे. महाराष्ट्रात हा पक्षी गोंदिया-भंडारा सोडून जवळजवळ कुठेच उरलेला नाही, आणि चैत्रात तलाव मागे हटले की जोडी उसाशेजारच्या बांधीत उतरते. विषाचे दाणे वेचताना तो विचारत नाही की हे कोणासाठी टाकले होते. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा कोल्ह्याच्या पोटात जातो, आणि पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट.

तोडणीच्या वेळी

मार्चपर्यंत शेवटच्या प्लॉटांची तोड चालू असते. तोडता तोडता मधल्या चार सऱ्यांत रानमांजरीची पिल्ले सापडतात, मजूर ती बिबट्याची समजून गाव गोळा करतात. पिल्ले कोणाचीही असोत, हात लावू नये. तेवढा तुकडा त्या दिवशी तसाच ठेवावा आणि वनरक्षकाला फोन करावा. आई बहुधा रात्री येऊन त्यांना हलवते. पिल्ले उचलून गावात आणली तर ती शोधत गावात येते, आणि बिबटीण असली तर ते कोणाला परवडणार नाही. तोडीनंतर पाचट पेटवू नये. त्या आगीत ट्रायकोग्रामा जातो, उंदीर खाणारी धामण जाते, आणि फाल्गुनाच्या वाऱ्यात ठिणगी जंगलात जायला वेळ लागत नाही.

नुकसानभरपाईबाबत : रानडुक्कर, रोही, हरीण, रानगवा, माकड, वानर, रानटी हत्ती यांनी पिकाचे नुकसान केल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. पुष्कळ सभासद पंचनाम्याची वाट पाहत आठ दिवस घालवतात आणि मग हक्क जातो. उकरलेली सरी सारखी करण्याआधी फोटो काढावा, ठशांचा वेगळा काढावा, सातबारा जोडावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. उसाची भरपाई टनावर ठरते, म्हणून क्षेत्र गुंठ्यांत नीट लिहावे. दर वेळोवेळी बदलतात, ते अर्ज देतानाच विचारावेत. खोडकिडीचे नुकसान डुकराच्या नावावर लिहू नये. पंचनाम्याला येणाऱ्यांनाही आता पोंगा ओढून पाहता येतो.

गट कार्यालयात नमुना आणताना नुसता पोंगा न आणता कोंब टिपरीसकट, मुळांना थोडी माती ठेवून, कागदात गुंडाळून आणावा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नये, सगळ्यालाच वास येतो.